हाडं शिकायची ती आपल्याच अंगावर बोट ठेवून

शरीररचना शिकायला आलेल्या नवख्या मुलामुलींमध्ये एक दृश्य मला वारंवार दिसतं. समोर २०६ हाडांची यादी, डोळे यादीवर खिळलेले, ओठ पुटपुटताहेत आणि दोन्ही हात मांडीवर स्वस्थ पडलेले. जे पाठ करायचं आहे त्यातली ५४ हाडं त्या दोन हातांतच आहेत, पण त्यांच्याकडे बघायचं कुणाला सुचत नाही. अशी पाठ केलेली नावं आठवड्याभरात निसटतात. हातातल्या रेडियस आणि अल्नाची अदलाबदल होते, पायातली टिबिया कुठली नि फिब्युला कुठली हे सांगता येत नाही.

म्हणून माझा आग्रह असतो: हाड आधी बोटाला कळलं पाहिजे, मग मराठीतलं रोजचं नाव, मग शास्त्रीय नाव आणि सगळ्यात शेवटी चित्र. आपल्या बोलीत यातलं बरंच काही आधीच आहे. नडगी, खुबा, घोटा, बरगडी, माकडहाड, गुडघ्याची वाटी हे शब्द लहानपणापासून तोंडात असतात. त्यांना शास्त्रीय नावं जोडायची, एवढंच काम उरतं.

आकड्याची भीती आधी घालवा

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडं मोजली जातात. त्यांचे दोन भाग करतात. कवटी (कानातली आणि जिभेच्या मुळाशी असलेली हाडं धरून), पाठीचा कणा, बरगड्या आणि छातीचं हाड मिळून मधला खांब होतो, त्यात ८० हाडं. हातपाय आणि त्यांना खांबाशी जोडणारी हाडं मिळून १२६. एका हाताच्या पंजात २७ आणि एका पावलात २६ हाडं असतात. चारही मिळून १०६, म्हणजे अर्ध्याहून अधिक सांगाडा पंजात आणि पावलात आहे. शिवाय बहुतेक हाडं डावी-उजवी अशी जोडीनं येतात. पहिल्या फेरीत तीसेक नावं नीट आली तरी सांगाड्याचा आराखडा डोक्यात उभा राहतो.

२०६ हा आकडा मोजण्याच्या पद्धतीवरही अवलंबून आहे. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात हाडांचे ३०० च्या आसपास सुटे तुकडे असतात, ते वाढीबरोबर सांधत जातात. बाळाची टाळू मऊ लागते ती त्यामुळेच, कवटीची हाडं तिथे अजून भेटलेली नसतात. चरकसंहितेत हाडांची संख्या ३६० दिली आहे, कारण तिथे दात आणि नखंही धरली आहेत. सुश्रुतसंहितेत ती ३०० आहे. आजही एखाद्याला जास्तीची बरगडी असते, एखाद्याच्या कवटीच्या शिवणीत छोटं जास्तीचं हाड सापडतं. तेव्हा २०६ लक्षात ठेवा, पण त्यावर अडून बसू नका.

तयारी

सांगाड्याचं पुढून आणि मागून काढलेलं एकेक स्पष्ट चित्र, कोरे कागद, पेन्सिल आणि आरसा. प्लास्टिकचा सांगाडा हाताशी असेल तर उत्तमच, नसला तरी काही अडत नाही.

एक नियम मात्र पहिल्या दिवशीच अंगी बाणवा. शरीररचनेत माणूस नेहमी सरळ उभा, हात बाजूला सोडलेले आणि तळहात पुढे वळवलेले, असा धरतात. डावं-उजवं त्या माणसाचं असतं, बघणाऱ्याचं नाही. तळहात पुढे केला की अंगठा बाहेरच्या बाजूला जातो आणि करंगळी अंगाकडे येते. ही ठेवण विसरली की हाताच्या हाडांत घोळ झालाच म्हणून समजा.

बोटानं चाचपताना हलका दाब पुरतो. जिथे दुखापत झाली असेल ती जागा सोडून द्या. छातीच्या हाडाचं खालचं टोक आणि गळा जोरात दाबू नका.

पहिली पायरी: खांदा आणि हात

बहुतेक पुस्तकं कवटीपासून सुरुवात करतात. मी हातापासून करते, कारण कवटीत बावीस हाडं एकमेकांत गुंतलेली आहेत आणि त्यातली बरीचशी बोटाला लागतच नाहीत. हाताचं जवळजवळ सगळं हाताला लागतं.

गळ्याच्या खालच्या खळगीत बोट ठेवा आणि बाहेरच्या बाजूला सरकवा. कातडीखाली लगेच लागणारं, नागमोडी वळणाचं हाड खांद्यापर्यंत जातं. ही गळपट्टी, शास्त्रीय नाव क्लॅव्हिकल. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटी किल्ली. संपूर्ण हात धडाच्या सांगाड्याला हाडानं जोडलेला आहे तो फक्त इथे, गळपट्टी छातीच्या हाडाला भेटते त्या सांध्यात. बाकी सगळी जोडणी स्नायूंची. पडताना माणूस हात टेकतो आणि धक्का थेट या हाडापर्यंत येतो, म्हणून ते मोडण्याचं प्रमाण बरंच आहे. मोडलं की खांदा खाली उतरलेला दिसतो.

गळपट्टीच्या बाहेरच्या टोकाशी खांद्याचा माथा लागतो. तो गळपट्टीचा नाही, मागच्या खवाट्याचा, म्हणजे स्कॅप्युलाचा, पुढे आलेला भाग आहे. दुसऱ्या कुणाला हात पाठीमागे वळवायला सांगा, खवाट्याची कड पंखासारखी बाहेर येते. हे त्रिकोणी पातळ हाड बरगड्यांवर सरकत असतं, म्हणूनच हात डोक्यावर नेता येतो.

आता दंड. त्यात एकच हाड, ह्युमरस. कोपरापाशी त्याची दोन टोकं दोन्ही बाजूंना उंचवट्यासारखी लागतात. मधलं टोकदार हाड, जे आपण टेबलावर टेकवतो, ते मात्र दंडाचं नसून पुढच्या हाडाचं, अल्नाचं आहे. इथे एक छान पडताळा घेता येतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट या तीन उंचवट्यांवर ठेवा. हात सरळ केला की तिन्ही बोटं एका रेषेत येतात. कोपर वाकवलं की त्रिकोण होतो. कोपराला काही लागलं की जी झिणझिणी करंगळीपर्यंत जाते ती हाडाची नसते. आतल्या उंचवट्यामागून अल्नर नावाची नस जाते, तिच्यावर दाब आलेला असतो.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं. इथे थोडं थांबायचं, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कोपराच्या टोकापासून बोट खाली सरकवत न्या. करंगळीच्या बाजूनं एक सलग धार मनगटापर्यंत लागते. ही अल्ना. अंगठ्याच्या बाजूचं ते रेडियस. आता हात टेबलावर ठेवा, तळहात वर. डाव्या हातानं उजव्या कोपराखाली अल्ना धरून ठेवा आणि उजवा तळहात पालथा करा. अल्ना कोपरापाशी जवळजवळ जागची हलत नाही. मनगटाकडचं टोक मात्र फिरून अल्नावर आडवं येतं, ते रेडियसचं. कुलपात किल्ली फिरवताना, भांडं पालथं करताना दर वेळी हेच घडतं. ही हालचाल एकदा स्वतःच्या हातात जाणवली की पुढे कुठली रेडियस हा प्रश्न पडत नाही. अंगठ्याबरोबर फिरते ती रेडियस.

मनगटात आठ छोटी हाडं दोन ओळींत बसलेली आहेत. अंगठ्याकडून करंगळीकडे पहिली ओळ: स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म. दुसरी ओळ, पुन्हा अंगठ्याकडूनच: ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. यासाठी माझ्या विद्यार्थ्यांना मी एक वाक्य देते:

सकाळी लवकर ताई पोहते, तिथे तळ्यात कमळ हसतं.

स, ल, त, प आणि मग त, त, क, ह. नावांचे अर्थही मदतीला येतात. स्कॅफॉइड म्हणजे होडीसारखं, ल्युनेट चंद्रकोरीसारखं, पिसिफॉर्म वाटाण्याएवढं, हॅमेटला आकड्यासारखा बाक. पिसिफॉर्म सापडायला सोपं: तळहाताच्या तळाशी, करंगळीच्या रेषेत, मनगटाच्या घडीजवळ जी गाठ लागते ती. स्कॅफॉइडसाठी अंगठा ताणून मागे घ्या, मनगटाजवळ अंगठ्याच्या मुळाशी दोन कंडरांमध्ये, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांमध्ये, खळगी पडते, तिच्या तळाशी ते आहे. हात टेकून पडल्यावर नेमकं त्याच खळगीत दुखत असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवावं. या हाडाचा तडा पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही आणि त्याला रक्तपुरवठा कमी असल्यानं ते सांधायलाही वेळ घेतं.

तळहातात पाच मेटाकार्पल. मूठ आवळा. वर आलेले उंचवटे बोटांचे आहेत असं वाटतं, पण ती मेटाकार्पलची टोकं आहेत. म्हणजे तळहाताची हाडं आपल्याला वाटतात त्यापेक्षा पुढेपर्यंत जातात. त्यापुढची बोटांची पेरं म्हणजे फॅलँजेस: अंगठ्याला दोन, बाकी चौघांना तीन-तीन, एकूण १४.

मोजून पाहा. दंडात १, पुढे २, मनगटात ८, तळहातात ५, बोटांत १४. बेरीज ३०. वर खवाटा आणि गळपट्टी.

दुसरी पायरी: पाय हा हाताचाच आराखडा

हात आला की पाय निम्मा येतो. वर एक हाड, खाली दोन, मग छोट्या हाडांचा गट, मग पाच, मग चौदा. फरक दोनच: गुडघ्यावर एक वाटी जास्तीची आणि घोट्याच्या गटात आठऐवजी सात. बेरीज पुन्हा ३०.

मांडीचं हाड फीमर. शरीरातलं सर्वांत लांब, माणसाच्या उंचीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढं. त्याचा दांडा स्नायूंत इतका खोल आहे की बोटाला लागत नाही, पण वरचा बाहेरचा उंचवटा लागतो. उभं राहून मांडीच्या वरच्या बाजूला, बाहेरून तळवा टेकवा आणि पाऊल आत-बाहेर फिरवा. तळव्याखाली काहीतरी टणक फिरताना जाणवेल, तोच. कमरेवर हात ठेवतो ती कड म्हणजे खुब्याचा सांधा असं पुष्कळ जण समजतात. ती कड ओटीपोटाच्या हाडाची आहे. खरा सांधा त्याच्या बराच खाली, जांघेत खोलवर आहे.

गुडघ्याची वाटी म्हणजे पटेला, आणि लॅटिनमध्येही या शब्दाचा अर्थ छोटी वाटी किंवा ताटली असाच आहे. पाय लांब करून बसा, मांडी सैल सोडा. वाटी बोटांनी डावी-उजवीकडे सरकते. मांडी ताठ केली की घट्ट बसते, कारण ती मांडीच्या स्नायूच्या कंडरेतच आहे. नवजात बाळाच्या गुडघ्यात ही वाटी कूर्चेची, म्हणजे हाडाहून मऊ नि लवचीक असते, हाड तयार व्हायला पुढची काही वर्षं लागतात.

नडगी म्हणजे टिबिया. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत तिची धार कातडीलगत लागते, म्हणूनच तिथे मार बसला की जीव कळवळतो. तिच्या बाहेरच्या बाजूला बारीक फिब्युला. गुडघ्याच्या थोडं खाली, बाहेरच्या अंगाला एक गोल गाठ लागते, ते तिचं वरचं टोक. ती गुडघ्याच्या सांध्यात भाग घेत नाही आणि शरीराचं वजनही फारसं पेलत नाही. खाली घोट्याचे दोन उंचवटे पाहा: आतला टिबियाचा, बाहेरचा फिब्युलाचा, आणि बाहेरचा थोडा खाली असतो. दोन्ही घोट्यांवर एकेक बोट ठेवून ही उंची ताडून पाहा. टिबिया-फिब्युलाचा गोंधळ इथेच संपतो.

पावलाच्या मागच्या भागात सात हाडं. टाचेचं कॅल्केनियस सगळ्यात मोठं. त्यावर टेलस, जे नडगीचं वजन घेतं आणि ज्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. पुढे नॅव्हिक्युलर, बाहेरच्या बाजूला क्युबॉइड आणि पाचरीच्या आकाराची तीन क्युनिफॉर्म. मग पाच मेटाटार्सल आणि बोटांची १४ पेरं. मनगटाचं ते कार्पल, पावलाचं ते टार्सल, हे मात्र मोठ्यानं दहादा म्हणून पक्कं करा.

तिसरी पायरी: कणा आणि छाती

मान पुढे वाकवा आणि मानेच्या तळाशी हात फिरवा. सहसा सगळ्यात ठळक लागणारा मणका मानेतला सातवा असतो. मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५ मणके. त्याखाली पाच मणके सांधून झालेलं त्रिकास्थी म्हणजे सॅक्रम आणि शेवटी माकडहाड, कॉक्सिक्स. सांधलेले गट एकेक धरले की २६. जिराफाच्या लांबलचक मानेतही सातच मणके असतात, हे सांगितलं की सात हा आकडा कुणी विसरत नाही.

पहिले दोन मणके वेगळे ओळखा. पहिला अ‍ॅटलस, त्यावर कवटी टेकते. होकारार्थी मान हलवतो ती हालचाल मुख्यतः कवटी आणि अ‍ॅटलसमधली. दुसरा अ‍ॅक्सिस, त्याच्या वर आलेल्या खुंटाभोवती अ‍ॅटलस फिरतो आणि आपण मान डावी-उजवीकडे वळवून नाही म्हणतो. होकार पहिल्याचा, नकार दुसऱ्याचा.

बरगड्या मोजायच्या कशा, हे बहुतेकांना कुणी दाखवलेलं नसतं. पहिली बरगडी गळपट्टीखाली दडलेली असते, त्यामुळे वरून मोजायला गेलं की चूक होते. गळ्याच्या खळगीतून बोट छातीच्या हाडावरून, म्हणजे स्टर्नमवरून, सरळ खाली आणा. दोनेक इंचांवर एक आडवा उंचवटा लागेल. स्टर्नमचा वरचा आणि मधला भाग तिथे जुळतो आणि बरोबर त्याच पातळीवर दुसरी बरगडी येऊन मिळते. तिथून बाजूला सरका आणि खाली मोजत जा: दुसरी, तिसरी, चौथी. छाती तपासताना डॉक्टरही हीच खूण धरून मोजतात. बरगड्यांच्या १२ जोड्या. वरच्या ७ थेट स्टर्नमला जोडलेल्या, पुढच्या ३ वरच्या बरगडीच्या कूर्चेला, शेवटच्या २ पुढून मोकळ्या. स्त्री असो वा पुरुष, संख्या तीच.

खुब्याचं हाड, म्हणजे वर आलेलं ओटीपोटाचं हाड, थोडक्यात. कमरेवर हात ठेवल्यावर लागते ती कड इलियमची. कडक खुर्चीवर तळहातांवर बसलं की टोचतात ती दोन हाडं इस्कियम. पुढे ओटीपोटाच्या खाली, मध्यावर दोन्हीकडून भेटतं ते प्युबिस. लहानपणी ही तीन वेगळी असतात, किशोरवयात सांधून एक होतात.

चौथी पायरी: कवटी

आता आरशासमोर या. कपाळ म्हणजे फ्रंटल. डोक्याच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना दोन पराएटल. कानाभोवती टेम्पोरल, कानाच्या पाळीमागचा टणक उंचवटा त्याचाच. डोक्याच्या मागे, मानेच्या वर लागतो तो गोळा ऑक्सिपिटलचा. मेंदूच्या पेटीतली आणखी दोन, स्फेनॉइड आणि एथमॉइड, बहुतांशी आत दडलेली आहेत, ती चित्रातूनच शिकावी लागतात. अशी ८.

चेहऱ्याची १४, पण पहिल्या फेरीत चार नावं पुरे. गालाचं हाड झायगोमॅटिक, वरचा जबडा मॅक्सिला, नाकाच्या दांड्याचं नेझल आणि खालचा जबडा मँडिबल. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, मँडिबलचं टोक सरकताना लागतं. कवटीतलं मोकळेपणी हलणारं हाड हे एकच. प्राचीन वैद्य गॅलेननं ते दोन हाडांचं असल्याचं लिहिलं होतं आणि शेकडो वर्षं ते मानलं गेलं. शरीररचनेचा अभ्यासक आंद्रेआस वेसालियसनं १५४३ साली छापलेल्या ग्रंथात माणसाच्या प्रत्यक्ष विच्छेदनावरून ते एकच असल्याचं दाखवलं. पुस्तकापेक्षा हाडाकडे बघावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. प्रत्येक कानात तीन इवली हाडं असतात, त्यातलं स्टेपीज जेमतेम ३ मिलिमीटरचं, शरीरातलं सर्वांत छोटं. आणि जिभेच्या मुळाशी हायॉइड, जे दुसऱ्या कुठल्याच हाडाला सांध्यानं जोडलेलं नाही, स्नायू आणि बंधांच्या आधारानं लटकतं.

सराव असा ठेवा

एका दिवशी एकच भाग घ्या. दुसऱ्या दिवशी नवीन भाग उघडण्याआधी कालचा भाग चित्र न बघता अंगावर बोट ठेवून म्हणा. नंतर कोऱ्या कागदावर आठवणीनं काढा. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल, हाडांची संख्या, क्रम आणि कोण कोणाला भेटतं एवढं बरोबर हवं. मगच पुस्तक उघडून ताडा आणि चुकलेली नावं वेगळ्या रंगानं लिहा. पुस्तक समोर ठेवून केलेली उजळणी सोपी वाटते, पण ती टिकत नाही. आठवायला पडलेले कष्टच नाव पक्कं करतात.

आठवड्याच्या शेवटी जोडीदार असेल तर त्याला कुठेही बोट ठेवायला सांगा आणि तुम्ही नाव सांगा: मराठी, शास्त्रीय आणि शेजारची दोन हाडं. घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर बोट आलं तर उत्तर असं यायला हवं: घोटा, फिब्युला, आत टिबिया, खाली टेलस. एकटे असाल तर डोळे मिटून माथ्यापासून टाचेपर्यंत हात फिरवत या आणि प्रत्येक उंचवट्यापाशी नाव मोठ्यानं घ्या. जिथे नाव अडेल तिथे त्याच क्षणी चित्र बघू नका. आधी ते हाड पुन्हा चाचपा, हलवून पाहा, त्याच्या वर-खाली काय आहे ते म्हणा. बहुतेक वेळा नाव तेवढ्यात आठवतं, आणि नाहीच आठवलं तर ते उद्याच्या कागदावर सगळ्यात वर लिहून ठेवा.